भूल उतरते तेथील हवा

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून डेसफ्लुरेन या भुलीच्या औषधाचा नित्याचा वापर थांबविला आहे. ज्या रुग्णाला वैद्यकीय कारणास्तव दुसरे औषध चालणारच नाही, त्याच्यापुरती मुभा तेवढी ठेवण्यात आली आहे. स्कॉटलंडने हेच पाऊल मार्च २०२३ मध्ये टाकले होते. या निर्णयांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. कारण डेसफ्लुरेनची वाफ वातावरणात गेली की ती कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारांहून अधिक पट उष्णता अडवून धरते. तथापि या साऱ्या प्रकरणात एक विसंगती आहे, तिच्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. भुलीच्या वायूंनी पृथ्वीभोवतालच्या हवेचे काय होते याचा हिशेब काटेकोरपणे मांडला गेला. परंतु तोच वायू रुग्णाच्या श्वासावाटे ज्या खोलीत बाहेर पडतो तेथील हवेचा, आणि ती हवा पाळीचे आठ तास छातीत भरून घेणाऱ्या परिचारिकेचा हिशेब मात्र अद्याप कोणी पुरता केलेला नाही.

ही खोली म्हणजे रिकव्हरी रूम. शस्त्रक्रिया आटोपल्यावर रुग्णाला एकदम वॉर्डात हलवीत नाहीत. भूल उतरेपर्यंत, श्वास आणि नाडी स्थिर होईपर्यंत त्याला शस्त्रक्रियागृहाला लागून असलेल्या खोलीत ठेवतात. ही प्रथा जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या आवृत्तीत अशा छोट्या खोलीचा उल्लेख केलेला आहे. आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ही खोली प्रशस्त असते, प्रत्येक खाटेशी प्राणवायूची नळी आणि नाडी दाखविणारा पडदा असतो. तालुक्याच्या गावी मात्र शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर दोन खाटा आणि एक कापडी पडदा एवढ्यालाच रिकव्हरी रूम म्हणण्याचा परिपाठ आहे. खोली मोठी असो वा लहान, तेथे घडते ते एकच. शल्यविशारद आपले काम संपवून निघून जातात. भूलतज्ज्ञ पुढच्या रुग्णाकडे वळतात. थांबते ती परिचारिका, आणि तिच्या हाताखालचे वॉर्डबॉय व आया.

भूल देणाऱ्या वायूंचा शरीरातील प्रवास समजून घेतला तर या खोलीचे वेगळेपण लक्षात येते. नायट्रस ऑक्साइड, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन हे वायू व बाष्प फुप्फुसांतून रक्तात उतरतात आणि रक्तातून मेंदूत जातात. त्यांचा फारच थोडा भाग शरीरात मोडतो. हॅलोथेन या जुन्या औषधाचा सुमारे पाचवा हिस्सा यकृतात मोडला जात असे, आणि त्यामुळे यकृताला क्वचित गंभीर इजाही होत असे. सेव्होफ्लुरेनचा शेकडा दोन ते पाच, आयसोफ्लुरेनचा शेकडा पाव भागही मोडत नाही. म्हणजे जे आत गेले ते जवळजवळ सगळेच श्वासावाटे जसेच्या तसे बाहेर येते. नायट्रस ऑक्साइड रक्तात फार विरघळत नाही, त्यामुळे ते पहिल्या काही मिनिटांतच लोटासारखे बाहेर पडते. स्नायू आणि चरबी यांत मुरलेली बाष्पे मात्र तासन्‌तास सुटत राहतात. रुग्ण जागा होतो, नाव विचारल्यावर सांगतो, म्हणून त्याचा श्वास स्वच्छ झाला असे नव्हे.

शस्त्रक्रियागृहात या वायूंची सोय लावलेली असते. भुलीच्या यंत्राला जोडलेली एक वेगळी नळी वापरून झालेला वायू शोषून घेते आणि इमारतीबाहेर सोडते. शिवाय तेथील हवा ताशी पंधरा ते वीस वेळा बदलावी असा दंडक आहे. रुग्ण त्या खोलीचा उंबरठा ओलांडतो तेव्हा मात्र यंत्र मागे राहते आणि ती नळीही मागे राहते. आता वायूचा उगम यंत्र नसून रुग्णाचे तोंड हाच असतो, आणि त्या तोंडाला कोणतीही नळी जोडलेली नसते. उलट, याच वेळी परिचारिकेला त्याच्या चेहऱ्याशी वाकावे लागते. जीभ मागे पडली आहे का, श्वास नीट चालू आहे का, ओकारी येते आहे का, हे दूर उभे राहून पाहता येत नाही. तिचे नाक आणि रुग्णाचे तोंड यांत वीतभर अंतर उरते. खोलीच्या मध्यभागी उपकरण ठेवून हवा मोजली तर आकडा समाधानकारक येऊ शकतो, आणि त्याच वेळी त्या वीतभर अंतरात तो कितीतरी पट चढलेला असू शकतो. हवेची मोजणी काम करणाऱ्याच्या नाकाजवळ व्हावी, असा आग्रह औद्योगिक आरोग्याचे जाणकार धरतात तो याचसाठी.

मोजणीच्या मर्यादा कोणत्या, हेही पाहावे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे 'नायॉश'ने, १९७७ साली नायट्रस ऑक्साइडसाठी हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग आणि हॅलोथेनवर्गीय बाष्पांसाठी दहा लाखांत २ भाग अशी मर्यादा सुचविली. ब्रिटनने पुढे १९९६ साली आठ तासांच्या सरासरीने नायट्रस ऑक्साइडसाठी १००, आयसोफ्लुरेनसाठी ५० आणि हॅलोथेनसाठी १० असे अधिक सैल आकडे ठरविले. या आकड्यांचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एवढे सांगणे पुरे, की भूल देताना रुग्णाला नायट्रस ऑक्साइड शेकडा ५० ते ७० या प्रमाणात देतात. म्हणजे दहा लाखांत पाच ते सात लाख भाग. तेथून २५ वर यायचे आहे. आणि नाकावर विसंबून चालत नाही. हॅलोथेनचा गोडसर वास बहुतेकांना जाणवू लागतो तेव्हा सुचविलेली मर्यादा केव्हाच अनेक पटींनी ओलांडलेली असते. अमेरिकेची ती शिफारस आजवर शिफारसच राहिली. तिला कायद्याचे बळ देणारे प्रमाण तेथील शासनाने केलेच नाही. शिवाय १९७७ साली सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन ही आजची औषधे रुग्णालयांत आलेलीच नव्हती. औषधे बदलली, पण शिफारशीचा कागद तोच राहिला.

आता मुख्य प्रश्नाकडे यावे. या हवेने खरोखरच काही अपाय होतो काय? येथे लेखणीचा तोल सांभाळणे भाग आहे. कारण या विषयावर भीती पसरविणारे जसे आहेत, तसे तो हसण्यावारी नेणारेही आहेत. १९६७ साली सोव्हिएत रशियात वैस्मान या संशोधकाने भूलतज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात स्त्री-भूलतज्ज्ञांच्या ३१ गर्भारपणांपैकी १८ गर्भपातात संपल्याचे नमूद होते. जगभर खळबळ उडाली. १९७४ साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मोठी देशव्यापी पाहणी केली. तिच्यातही शस्त्रक्रियागृहांत काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसले. परंतु या पाहण्या टपालाने पाठविलेल्या प्रश्नावलींवर आधारलेल्या होत्या. ज्यांना दुःख भोगावे लागले त्या स्त्रिया अगत्याने उत्तर लिहितात, इतर लिहीत नाहीत, हा दोष अशा पाहणीत अटळ असतो. पुढे ब्रिटनमध्ये स्त्री-डॉक्टरांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा भूलतज्ज्ञ स्त्रिया आणि इतर शाखांतील स्त्री-डॉक्टर यांत असा फरक दिसून आला नाही. उलट १९९७ साली जुन्यानव्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा भुलीच्या वायूंत काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचा धोका सुमारे दीडपट निघाला. मात्र त्या अभ्यासांपैकी बहुतेक वायू शोषून घेणाऱ्या नळ्या सर्वत्र बसण्यापूर्वीच्या काळातले होते.

या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख आहे. नळ्या बसल्यानंतरच्या शस्त्रक्रियागृहांनी दिलासा दिला, हे खरे. पण रिकव्हरी रूममध्ये ती नळी कधी बसलीच नाही. म्हणजे शस्त्रक्रियागृहाच्या सुधारलेल्या हवेचा दाखला देऊन शेजारच्या खोलीला निर्दोष ठरविता येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासाने हे वेगळ्या मार्गाने दाखविले. तो दातांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या साहाय्यिकांचा होता. जेथे वायू शोषून घेण्याची सोय नव्हती आणि आठवड्यातून पाच तास किंवा अधिक नायट्रस ऑक्साइडचा संपर्क येत होता, तेथील स्त्रियांत गर्भधारणेची शक्यता दर महिन्यागणिक निम्म्याहून कमी झालेली आढळली. जेथे सोय होती, तेथे असा परिणाम दिसला नाही. दोष वायूइतकाच कोंडलेल्या हवेचाही आहे, हा त्या अभ्यासाचा अर्थ.

नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत तर अपायाची यंत्रणाही ठाऊक आहे. १९५६ साली डेन्मार्कमधील लासेन आणि त्यांचे सहकारी यांनी धनुर्वाताच्या रुग्णांना झटके येऊ नयेत म्हणून कित्येक दिवस हा वायू दिला, तेव्हा त्यांच्या अस्थिमज्जेचे काम मंदावले आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घसरल्या. कारण पुढे उलगडले. हा वायू ब-१२ जीवनसत्त्वातील कोबाल्टचे रासायनिक रूप बदलून त्याला निकामी करतो, आणि नव्या पेशी घडविण्याचे काम अडते. काही तासांच्या शस्त्रक्रियेत निरोगी माणसाला याची झळ लागत नाही. थोडे थोडे पण वर्षानुवर्षे श्वासातून घेणाऱ्याचे गणित वेगळे असू शकते, आणि ज्याच्या शरीरात ब-१२ चा साठाच तुटपुंजा आहे त्याचे तर आणखी वेगळे.

महाराष्ट्राला या मुद्द्यापाशी थांबून विचार करण्याचे खास कारण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी असल्याचे आढळून आले. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण होय. अशाच घरांतून, अशाच थाळीवर वाढलेल्या मुली परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून रिकव्हरी रूममध्ये उभ्या राहतात. दहा लाखांत २५ असो वा १०० असो, या मर्यादा ज्या समाजांत ठरल्या तेथील आहारात मांस, अंडी, दूध यांची रेलचेल होती. परक्या देशातला आकडा उचलून तो येथे पुरेसा मानणे, हे मोजमाप न घेता दुसऱ्याच्या अंगाचा सदरा शिवून आणण्यासारखे आहे. येथे मर्यादा त्याहून कडक असावयास हवी. निदान सैल तर नव्हेच.

वायूंचा मुद्दा एवढा विस्ताराने मांडला, तरी या खोलीतील हवेत तेवढेच असते असे नाही. रुग्णाच्या श्वासातून जंतूही येतात. घशातील नळी काढताना रुग्ण खोकतो, आणि तो खोकला अनेकदा शस्त्रक्रियागृहाच्या दारातून बाहेर येताना किंवा रिकव्हरी रूममध्येच उमटतो. येथे प्रश्न केवळ परिचारिकेचा राहत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भुलीच्या वायूचे भय नाही. त्याने स्वतःच नुकताच त्याहून हजारो पट वायू घेतलेला असतो. पण शस्त्रक्रियेने थकलेल्या त्याच्या शरीराला दुसऱ्याच्या फुप्फुसातले जंतू पेलण्याचे बळ नसते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. अस्थिभंगासाठी वा अपेंडिक्ससाठी आलेल्या रुग्णाच्या छातीत क्षय दडलेला आहे, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी ठाऊक असतेच असे नाही. संसर्गजन्य क्षयाचा रुग्ण असल्यास त्याला सामाईक रिकव्हरी रूममध्ये न ठेवता वेगळ्या खोलीतच शुद्धीवर आणावे, असा अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयानेही २०१० साली रुग्णालयांतील हवेवाटे होणारा संसर्ग रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्या चांगल्या आहेत. त्यांची आठवण सर्वांना दहा वर्षांनी, करोनाच्या साथीत झाली.

आणि त्या साथीतही हवेचे महत्त्व पटण्यास विलंबच लागला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेवाटे पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले होते; तो हवेवाटेही पसरतो हे तिने स्पष्ट शब्दांत मान्य करेपर्यंत २०२१ साल उजाडले. मधल्या काळात हात धुण्यावर आणि फरशी पुसण्यावर जेवढी शक्ती खर्च झाली, तिच्या चौथाईनेही खिडक्यांकडे कोणी पाहिले नाही.

खिडक्यांचा उल्लेख सहज आलेला नाही. पेरू देशाच्या लिमा शहरात एस्कोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ रुग्णालयांतील ७० खोल्यांची हवा मोजली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत खिडक्या-दारे उघडी असता हवा ताशी ४० वेळा बदलत होती. नव्या खोल्यांत हे प्रमाण १७ होते. यंत्राने हवा खेळविणाऱ्या खास विलगीकरणाच्या खोल्या १२ वेळांच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णाच्या सहवासात चोवीस तास काढल्यास यांत्रिक खोलीत शंभरांपैकी ३९ जणांना, नव्या खोलीत ३३ जणांना आणि जुन्या खोलीत अवघ्या ११ जणांना संसर्ग होईल, असे त्यांचे गणित होते. मुंबईचे जे. जे. किंवा पुण्याचे ससून यांच्या जुन्या दगडी इमारतींत वावरलेल्यांना उंच छत आणि पुरुषभर खिडक्या म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. त्या इमारती बांधणाऱ्यांना जंतुशास्त्र फारसे ठाऊक नव्हते. दूषित हवेचे भय मात्र होते, आणि त्या भयाने त्यांच्याकडून शहाणपणाचे बांधकाम करविले.

आजच्या बांधकामाची तऱ्हा निराळी आहे. निवासी इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर चार गाळे जोडून रुग्णालय थाटले जाते. जागेचा भाव चौरस फुटावर असल्याने शस्त्रक्रियागृहाला जेवढी जागा द्यावीच लागते तेवढी देऊन उरलेल्या कोपऱ्यात रिकव्हरी रूम बसविली जाते. छत खाली आणतात, खिडकीला काच कायमची बसवितात आणि भिंतीवर स्प्लिट एसी लावतात. हे यंत्र खोली थंड करते, म्हणून त्याने हवा ताजी होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची हवा तो आत आणीत नाही. त्याच्या जाळीत धूळ अडकते, वायू अडकत नाही. त्या गारव्यात दुपारच्या पाचव्या रुग्णापर्यंत सकाळच्या पहिल्या रुग्णाचा श्वास शिल्लक असतो. परिचारिकेच्या तोंडावरचा मुखपट्टा, अगदी एन-९५ सुद्धा, जंतूंना अडवितो. भुलीच्या वायूंपुढे तो निरुपयोगी आहे.

यावर रुग्णालये चालविणाऱ्यांचे दोन आक्षेप असतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की भुलीतून बाहेर येणारा रुग्ण थंडीने कुडकुडतो. खिडक्या उघडल्या तर त्याला आणखी त्रास होईल, शिवाय धूळ, डास आणि रस्त्याचा धूर आत येईल. दुसरा खर्चाचा. पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे, की खिडकी सताड उघडणे हा एकच मार्ग नव्हे. रिकव्हरी रूममध्ये हवा ताशी किमान सहा वेळा बदलावी आणि त्यांपैकी दोन वेळा ती बाहेरची ताजी असावी, असे अमेरिकेतील मानक आहे. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ९० घनमीटर हवा मावते. तिला तासाला ५४० घनमीटर हवा बदलून हवी. बाजारात मिळणारा साधा बारा इंची एक्झॉस्ट पंखाही एवढे काम करतो. मात्र पंखा लावून भागत नाही. बाहेरची हवा जाळीतून गाळून आत येण्याचा मार्गही ठेवावा लागतो. नाहीतर पंखा लगतच्या जिन्यातली किंवा शौचालयाकडची हवा ओढून आणील. पंखा रुग्णाच्या उशाकडील भिंतीला असावा, म्हणजे त्याचा श्वास परिचारिकेच्या तोंडावरून न जाता मागच्या मागे निघून जाईल. खर्चाच्या आक्षेपाचे उत्तर या वर्णनातच आले. जेथे एका शस्त्रक्रियेचे देयक हजारोंच्या घरात जाते, तेथे एका पंख्याचा आणि एका झरोक्याचा खर्च परवडत नाही, असे म्हणणे शोभणारे नाही.

तरीही ताशी सहा वेळा म्हणजे फार झाले असे समजू नये. सहा वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतील दूषित हवेचा शेकडा ९९ भाग निघून जाण्यास, मध्ये नवी भर पडली नाही असे धरले तरी, ४६ मिनिटे लागतात. बारा वेळा बदलणाऱ्या खोलीत २३ मिनिटे, आणि केवळ दोनदाच बदलणाऱ्या कोंदट खोलीत सव्वादोन तासांहून अधिक. या अवधीत पुढचे दोन-तीन रुग्ण येऊन गेलेले असतात. म्हणून सहा हा आकडा पायरी मानावा. संसर्गाची शक्यता असेल तेथे बारा गाठणे हिताचे. शिवाय वायू मुळातच कमी वापरला जावा हाही एक उपाय आहे. कण्यात सुई देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करणे किंवा शिरेतून भूल देणे हे मार्ग आता रुळलेले आहेत. अर्थात प्रत्येक रुग्णाला ते लागू पडत नाहीत. लहान मुलाला मुखवट्यातून वायू देऊनच झोपवावे लागते, आणि ते जागे होताना रडते, मुखवटा ढकलते, परिचारिकेच्या खांद्याला बिलगते. सर्वांत जवळचा श्वास तोच.

हे सारे सांगितल्यावर प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. अंगावर कोसळणाऱ्या संकटाची दखल सत्ता घेते. कोलकात्यातील एका खासगी रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये तळघरात आग लागली आणि सुमारे ९० जण दगावले. त्यांतील बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गेला. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत गेली, त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. तेही अवश्यच होते. परंतु जी हवा एका दिवसात कोणाचा बळी घेत नाही, तिच्यासाठी आदेश कोण काढणार? २०२३ च्या आरंभी इंग्लंडमधील काही प्रसूतिगृहांना वेदनाशमनासाठी दिला जाणारा नायट्रस ऑक्साइडमिश्रित वायू काही काळ बंद ठेवावा लागला. कारण तेथील सुइणींच्या श्वासात तो कायदेशीर मर्यादेहून अधिक जात असल्याचे मोजणीत आढळले. तेथे मर्यादा होती आणि मोजणी झाली, म्हणून गोष्ट उघडकीस आली.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याला १९८७ साली जोडलेल्या परिशिष्टात कामाच्या जागी हवेत कोणते रसायन किती चालेल याची यादी होती. परंतु ते कारखान्यापुरते, आणि रुग्णालय हा कारखाना नव्हे. या कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिची व्याप्ती कारखान्यापलीकडे आहे, आणि सुरक्षिततेची मानके जाहीर करण्याचा अधिकार तिने केंद्र सरकारला दिला आहे. त्याचबरोबर 'उद्योग' या शब्दाच्या तिच्या व्याख्येतून धर्मादाय स्वरूपाच्या संस्था वगळल्या गेल्या आहेत. आणि महाराष्ट्रात कितीतरी मोठी रुग्णालये धर्मादाय न्यासांच्या मालकीची आहेत, हे सर्वज्ञात आहे. न्यासाने गरिबांवर सवलतीत उपचार केले म्हणून तेथील परिचारिकेची फुप्फुसे वेगळी होत नाहीत. रुग्णालयांना दर्जाचे प्रमाणपत्र देणाऱ्या 'एनएबीएच' या संस्थेने शस्त्रक्रियागृहातील हवेसाठी तपशीलवार मार्गदर्शन केलेले आहे, पण हे प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक आहे.

केंद्राकडे बोट दाखवून राज्याला मोकळे होता येणार नाही. खासगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा महाराष्ट्रात १९४९ पासून आहे आणि त्याखालील नियम राज्य शासनानेच जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. रुग्णांच्या हक्कांची सनद त्या नियमांमुळे रुग्णालयांच्या भिंतींवर लागली. 'पुरेशी हवा व उजेड' हे शब्द सरकारी कागदांत वर्षानुवर्षे येत आले आहेत. पुरेशी म्हणजे ताशी किती वेळा बदललेली, त्यांत बाहेरची किती, ती मोजली कोणी आणि शेवटची कधी, एवढे चार प्रश्न नोंदणीच्या नूतनीकरणाच्या अर्जात घालण्यास विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. शासनाच्या आणि महापालिकांच्या रुग्णालयांना तर परिपत्रकही पुरे. मोजणीची साधनेही आता दुर्मिळ राहिलेली नाहीत: परिचारिकेच्या गणवेशाला लावण्याचे, वायू शोषून घेणारे छोटे बिल्ले मिळतात, ते पाळीनंतर प्रयोगशाळेत तपासता येतात, खोलीत हवा कोंडते की काय हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या हातात मावणाऱ्या यंत्रावरून कळते. तेही नसेल तर खोली रिकामी असताना, प्राणवायूच्या तोट्या बंद करून, एक उदबत्ती पेटवावी. धूर झरोक्याकडे जातो की तिथल्या तिथे घुटमळतो, हे पाहण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

परिचारिकांच्या संघटना वेतनश्रेणी, रिक्त जागा आणि कंत्राटी नेमणुका यांसाठी आजवर लढत आल्या, आणि ते प्रश्न सुटलेले नाहीत हे उघड आहे. त्यांच्या पुढच्या मागणीपत्रात आणखी दोन कलमे असावयास हरकत नाही: गर्भवती परिचारिकेने मागताच तिला रिकव्हरी रूममधून दुसरीकडे काम मिळावे, आणि त्या खोलीच्या हवेची मोजणी वर्षातून एकदा होऊन तिचा आकडा, रुग्णांच्या सनदेशेजारी, दाराबाहेर लावला जावा.